तलाव म्हणजे चैन नव्हे

'जिथे दवाखाना धड नाही तिथे पोहण्याचा तलाव कशाला?' हा प्रश्न मला पटत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात जिगलाँग आणि मुगारिन्या या दुर्गम आदिवासी वस्त्यांत 2000 साली तलाव सुरू झाले. दीड वर्षात त्यातल्या एका वस्तीत मुलांमधलं त्वचेवरच्या पिकलेल्या फोडांचं प्रमाण 62 वरून 18 टक्क्यांवर आलं. हे फोड किरकोळ नसतात हो, त्यातल्या जंतूंमुळे पुढे मूत्रपिंडाचे आजारही होऊ शकतात! शिवाय 'शाळा बुडवली तर तलावात प्रवेश नाही' असा तिथे नियम होता. कानांच्या आजारांच्या बाबतीत मात्र दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नंतरच्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. मला काळजी वाटते ती देखभालीची. बांधकामाला एकदाच पैसे लागतात. पंप, क्लोरीन आणि वस्तीत राहणारा जीवरक्षक यांचा खर्च दरवर्षीचा असतो.