सागवानी कपाट आणि झोपाळा नव्या फ्लॅटमध्ये: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
दिवाळीच्या आधी पुण्यात नव्या फ्लॅटमध्ये राहायला जातोय. चिपळूणच्या घरातलं आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट आणि पितळी कड्यांचा झोपाळा आणायचाच आहे. हॉल १० बाय १६ फूट, कपाट साडेसहा फूट उंच.

मुख्य काळजी कपाटाची. चौकट ठणठणीत आहे, पण मागची फळी आंब्याची. तिला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडलीत आणि नुसतं ठोकलं तरी पिठासारखा भुगा गळतो. मातीचे माग कुठे नाहीत, त्यामुळे वाळवीपेक्षा लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा संशय येतो. भोकांत औषध भरून भागतं का, की फळीच बदलावी? नव्या घरात कीड न्यायची नाही.

सुतार पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश सुचवतोय. मला मात्र चपड्याचं (लाखेचं) फ्रेंच पॉलिशच हवंय. त्यावर पाण्याचे डाग पडतात हे मान्य, पण ओरखडा आला तर तेवढ्याच भागावर पुन्हा हात मारता येतो, आणि सागाचे रेषे किती सुंदर उठून दिसतात!

झोपाळा टांगायला छताच्या स्लॅबमध्ये अँकर (पक्के बसणारे बोल्ट) कोणी बसवून घेतलेत का? दोन मोठी माणसं निर्धास्त बसली पाहिजेत.

सोफा नवाच घेणार. कपाटाच्या रंगाचा घेतला तर हॉल अंधारेल असं वाटतं, म्हणून वेताचा, फिकट गादीचा बघतेय. तुमच्याकडे असं जुनं-नवं एकत्र असेल तर फोटो नक्की टाका. मुंबईतल्या ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून खुर्च्या घेतल्या असतील तर लाकूड कसं पारखलंत तेही सांगा.