एसी गाडीत तेफिलत हदेरेख कशाला? अहो, कशाला म्हणजे काय!

पेणचा_नातू:
काल एकाने लिहिलं की तेफिलत हदेरेख (आपली ज्यूंची प्रवासाला निघतानाची प्रार्थना) ही दरोडेखोर आणि जंगली जनावरांच्या काळातली, आता एसी गाडीत बसून कोण म्हणतं. डोकंच फिरलं. गाव मागे पडलं आणि पुढे परसाभर म्हणजे साधारण चार किलोमीटर जायचंय की म्हणायची, शुल्हान आरुखमध्ये (आपल्या धर्मनियमांच्या ग्रंथात) स्पष्ट आहे, त्यात एसीचा काय संबंध? बोरघाटात काय होतं ते रोज पेपरात वाचता ना? आणि ज्या एलियाहू हन्नाबीसाठी (एलिया संदेष्ट्यासाठी) आपण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मलिदा करतो, खंडाळ्याला (अलिबागजवळच्या, घाटातल्या नव्हे) त्याच्या घोड्याच्या टापांच्या खुणा बघायला जातो, त्यानेच रब यहूदाला सांगितलं की वाटेला लागताना आधी देवाला विचार. तालमूदच्या बेराखोत भागात आहे.

अश्दोदकर:
चार किलोमीटर पायी चालणाऱ्याचे. गाडीला रब ओवादिया योसेफ (इस्रायलचे माजी मुख्य रब्बी) ७२ मिनिटांचा प्रवास धरतात. इथून, इस्रायलच्या अश्दोदहून, यरुशलेमची बस तासाभराची, मी म्हणतो पण शेवटच्या बेराखात (आशीर्वचनात) देवाचं नाव घेत नाही. आपण त्यांच्याच सेफार्दी पद्धतीचे, विसरू नका.

ठाण्याची_लेक:
मग मी रोज ठाणे ते सीएसटी लोकलमध्ये म्हणू का?

पेणचा_नातू:
नाही, वस्ती कुठे तुटते? कर्जतहून येणाऱ्याने मात्र विचार करावा.

ठाण्याची_लेक:
आणि गेटवेहून मांडव्याची बोट? तासभर बोट, पुढे अलिबागची बस. दोन्ही मिळून धरायचं ना?

अश्दोदकर:
एकच प्रवास, मिळूनच धरायचं. दिवसातून एकदा म्हटली की पुरे, संध्याकाळी परत येताना पुन्हा नको.

रेवदंड्याचा:
तिकडचे रब्बी काय म्हणतात ते आम्हाला शिकवू नका. १९६२ मध्ये त्याच रब्बीनातने (इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने) लग्नासाठी आपल्या लोकांच्या आज्या-पणज्या ज्यू होत्या का याची चौकशी लावली, १९६४ ला आपल्या माणसांनी यरुशलेमात धरणं धरलं तेव्हा क्नेसेटने (तिथल्या संसदेने) आपल्या बाजूने ठराव केला. आता त्यांच्या घड्याळाने तफिला (प्रार्थना) मोजायची? माझे आजोबा पावसाळ्यात होडीत बसले की किनारा सुटताच शेमा (देव एकच ही कबुली) आणि तफिला म्हणायचे, मिनिटं कधी मोजली नाहीत.

अश्दोदकर:
माझे वडील त्या धरण्यात होते, मला १९६४ सांगू नका! राग रब्बीनातवर काढा, हलाखावर (धर्मनियमांवर) कशाला? विनाकारण देवाचं नाव घ्यायचं नाही म्हणून तर ही मोजणी.

रेवदंड्याचा:
वडिलांचं माहीत नव्हतं. त्यांना मानाचा शालोम. पण खवळलेल्या समुद्रात धोका असतो, तिथे अंतर कमी असलं तरी पूर्ण म्हणतात, हे तुमच्याच पुस्तकात आहे.

अश्दोदकर:
धोका असेल तर हो, मान्य. पण तुमची मांडव्याची बोट पावसाळ्यात बंदच असते.

पेणचा_नातू:
अरे मूळ मुद्दा एसी गाडीचा होता! पुणे-मुंबई गाडीने जाणाऱ्याने म्हणायची की नाही, एवढं सांगा.

अश्दोदकर:
म्हणायची, नाव घेऊन, शहर सुटल्यावर. ७२ मिनिटांपेक्षा जास्तच लागतात.

रेवदंड्याचा:
घड्याळ न बघताही म्हणायची.