गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, परत होण्याचा धोका कशावरून ठरतो?

अश्विनी_वाई

नमस्कार मंडळी. बाबांचं (वय ५८) डाव्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन महिना होत आला. गालाचा आतला भाग, जबड्याच्या हाडाची कड आणि मानेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढल्या, छातीचं मांस फिरवून आत लावलंय. जखम चांगली भरलीये, नाकातली नळी निघाली, पेज आणि मऊ भात खातायत. पण तपासणीचा मोठा रिपोर्ट आला तेव्हापासून घरात कोणाच्या जिवाला थारा नाही.

रिपोर्टमध्ये असं आहे: गाठ ३.२ सेंटीमीटर, खोली १२ मिलीमीटर, सगळ्यात जवळचं मार्जिन (कॅन्सरपासून कापलेल्या कडेचं अंतर) ४ मिलीमीटर, पेरिन्यूरल इन्व्हेजन आहे, मानेतल्या ३२ गाठींपैकी २ पॉझिटिव्ह आणि त्यातल्या एकीत एक्स्ट्रानोडल एक्स्टेंशन. खाली पीटी३ एन३बी असा स्टेजचा कोड लिहिलाय. भावानं नेटवर बघितलं तर ही स्टेज चौथी निघाली, तेव्हापासून आई नुसती रडतीये.

डॉक्टर म्हणाले ३३ शेक (रेडिएशन) घ्यायचे, सोबत केमो, आणि लवकर चालू करायचं. काका म्हणतात अंगात ताकद नाही, दोन महिने थांबा, तोवर झाडपाल्याचं औषध द्या, शेकानं माणूस खचतो. एवढी मोठी मान कशाला कापली असंही सगळे विचारतात. बाबांनी तंबाखू पूर्ण बंद केलीये पण तोंड रिकामं वाटतं म्हणून उजव्या गालात सुपारीचं खांड धरून बसतात, त्यात तंबाखू नसते म्हणून आम्ही काही बोललो नाही. परत होईल का, आणि होऊ नये म्हणून आमच्या हातात काय आहे, प्लीज कोणीतरी नीट सांगा.

निलेश_पिंपरी

ताई, आधी आईंना सांगा की तोंडाच्या कॅन्सरमध्ये चौथी स्टेज म्हणजे फुप्फुसात-लिव्हरमध्ये पसरलाय असा अर्थ नसतो. मानेतल्या गाठीचं कवच फुटलं असेल तरी आकडा चारवर जातो. माझ्या सासऱ्यांचं असंच होतं, आम्हीपण तो आकडा बघून हात-पाय गाळून बसलेलो. पूर्ण बरं करायच्या हिशोबानंच हे शेक-केमो सांगितलेत, नाहीतर इतकी लांबलचक ट्रीटमेंट सांगितलीच नसती.

खर्चाचं काय केलंय? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, शेक, केमो बसतं, तुमच्या हॉस्पिटलमध्ये योजनेचा काउंटर असेल तर रेशन कार्ड आणि आधार घेऊन आजच विचारा, मंजुरीच्या कागदांत दिवस जातात आणि तुमच्याकडे दिवसच कमी आहेत.

डॉ_मुखरोग

अश्विनीताई, मी याच क्षेत्रात काम करतो. बाबांना न बघता त्यांचं नक्की काय होईल हे कोणीच सांगू नये, पण रिपोर्टचा अर्थ सांगतो.

तुमच्या रिपोर्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ एक्स्ट्रानोडल एक्स्टेंशनची. म्हणजे कॅन्सरच्या पेशी मानेतल्या गाठीचं कवच फोडून आजूबाजूच्या चरबीत आल्यात. परत होण्याचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये ही फार वरची. दुसरी तशीच गोष्ट म्हणजे कापलेल्या कडेला पेशी सापडणं, ती बाबांना नाही. ४ मिलीमीटरला आम्ही क्लोज मार्जिन म्हणतो, ५ किंवा जास्त असतं तर बरं वाटलं असतं, पण कड स्वच्छ आहे ही चांगलीच गोष्ट. पेरिन्यूरल म्हणजे पेशी नसेच्या (मज्जातंतूच्या) कडेकडेनं सरकतात, डोळ्याला दिसणाऱ्या गाठीच्या पुढे जाऊन बसू शकतात. आणि खोली. पूर्वी आम्ही गाठ किती रुंद एवढंच बघायचो, आता आत किती उतरलीये तेपण मोजतो कारण जेवढी खोल तेवढी मानेत जायची शक्यता जास्त. बाबांची १० च्या पुढे आहे म्हणून टी३ लिहिलंय.

हे सगळं एकत्र धरून शेकासोबत केमो सांगितलीये. २००४ मध्ये युरोप आणि अमेरिकेतले दोन मोठे अभ्यास आले, ते एकत्र तपासल्यावर दिसलं की कवच फुटलेलं असेल किंवा कडेला पेशी असतील तर नुसत्या शेकापेक्षा सिसप्लॅटिन हे केमोचं औषध जोडल्याचा फायदा होतो. ते किडनीला आणि कानाला त्रास देऊ शकतं म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि ऐकण्याची टेस्ट करतात, ती करून घ्या.

आता काकांचा मुद्दा. त्यांची काळजी खरी आहे पण दोन महिने थांबणं म्हणजे ऑपरेशनचा फायदा घालवणं. शेक ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. राहिलेल्या पेशी तोवर वाढतच असतात. आणि एकदा चालू झाले की मध्ये सुट्टी नको. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, चव जाते, गिळवत नाही, पेशंट म्हणतो आठवडाभर घरी जाऊन येतो, आणि तिथेच नुकसान होतं. वजन घटायला लागलं तर परत नळी घालावी लागेल, ती घाला पण शेक तोडू नका. त्या काळात झाडपाला अजिबात देऊ नका, सिसप्लॅटिन चालू असताना किडनीवर काय बसेल ते सांगता येत नाही.

मानेबद्दल. बाबांच्या दोन गाठी पॉझिटिव्ह निघाल्या यातच उत्तर आहे. पण मानेत काही हाताला लागत नाही अशा लवकरच्या स्टेजलासुद्धा मान आधीच साफ करावी हे परळच्या टाटा मेमोरियलनं २०१५ मध्ये दाखवून दिलं. आधीच काढली त्यांच्यात ३ वर्षांनी ८० टक्के लोक हयात होते, गाठ दिसल्यावर काढली त्यांच्यात ६७.५ टक्के.

सुपारीबद्दल मात्र मला कळकळीनं सांगायचंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्येच सुपारीला, तंबाखू नसलेल्या सुपारीलासुद्धा, माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. साधी, भाजलेली, सुगंधी, कुठलीही. वर्षानुवर्षं ज्या तोंडाला हे लागलंय तिथली सगळीच आतली कातडी बिघडलेली असते, म्हणून जुना कॅन्सर परत येणं वेगळं आणि उजव्या गालात नवा दुसराच तयार होणं वेगळं, बाबांना दोन्हीची भीती आहे. ते खांड आज काढा.

खर्रामुक्त_नागपूर

ताई, मी स्वतः पेशंट. जिभेच्या कडेला होता, ऑपरेशन आणि शेक दोन्ही झालं, पाच वर्षं कधीच उलटली. आमच्याकडे खर्रा म्हणजे सकाळी दात घासायच्या आधी तोंडात, त्यात सुपारी, तंबाखू, चुना सगळंच घोटलेलं. सोडल्यावर तोंड रिकामं वाटतं हे बाबांचं म्हणणं एकदम खरं आहे, त्यांच्यावर ओरडू नका. मी लवंग धरून बघितली तर झोंबायची, शेवटी पाण्याची बाटली कायम हातात ठेवली आणि तलफ आली की एक घोट. पाच-दहा मिनिटं गेली की ती उतरते. तंबाखूच्या पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ नंबर आहे ना, तो फुकट आहे, फोन करा, ते चांगलं बोलतात.

दुसरं तोंड उघडायचा व्यायाम. गालाचं ऑपरेशन, वरून शेक, म्हणजे तोंड आवळत जाणारच. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांत जातात का ते रोज बघायचं. मला आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दिल्या होत्या, थोड्या दिवसांनी एक वाढवायची. दुखतं, डोळ्यातून पाणी येतं, पण तोंड उघडलं नाही तर पुढं डॉक्टरला आत दिसणार काय?

घरी पण बघत जा. मोबाईलचा टॉर्च लावून दोन्ही गाल, जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यात न भरणारी तोंडातली जखम, मानेत नवी गाठ, त्याच बाजूचा कान दुखणं, दात अचानक हलणं, जेवढं उघडत होतं त्यापेक्षा कमी उघडणं, यातलं काहीपण दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. परत होतो तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत होतो म्हणून त्या काळात चेकअपला लवकर लवकर बोलावतात. माझ्यासोबतचे काही जण बरं वाटतंय म्हणून जायचेच बंद झाले. शेती असो, लग्न असो, तारीख चुकवू नका.

अश्विनी_वाई

सगळ्यांचे खूप आभार, आईला निलेशदादांचा मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला. डॉक्टर, काकांना तुमचं उत्तर पाठवलं, ते उद्या आमच्यासोबत हॉस्पिटलला येतायत, स्वतःच विचारणार आहेत. बाबांनी सुपारीचा डबा आईकडे दिलाय, चिडचिड चालू आहे पण दिलाय. अजून दोन शंका. उजव्या बाजूच्या दोन दाढा किडल्यात, त्या शेकानंतर काढल्या तर चालतील का? आणि सगळं संपल्यावर लगेच पेट स्कॅन (अंगात कुठे कॅन्सर राहिलाय का ते दाखवणारा) करून घ्यावा का म्हणजे मनातली धाकधूक जाईल?

डॉ_मुखरोग

दाढा आत्ताच, शेकाच्या आधी. काढल्यावर जखम भरायला साधारण दोन आठवडे द्यायचे असतात आणि तुमच्या सहा आठवड्यांतले दोनेकच राहिलेत, म्हणून उद्याच शेकाच्या डॉक्टरांना दाढा दाखवा, ते आणि डेंटलवाले मिळून काढायच्या की वाचवायच्या ते ठरवतील. शेक बसलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड सडू शकतं, म्हणून पुढे कितीही वर्षांनी गावातल्या डेंटिस्टकडे गेलात तरी आधी शेकाचे कागद दाखवायचे.

पेट लगेच नको. शेक संपल्यावर आतला भाग सुजलेला असतो, ती सूजसुद्धा स्कॅनवर चमकते आणि उगाच घाबरायला होतं. करायचाच ठरला तर साधारण १२ आठवड्यांनी. तोवर डॉक्टरांचे डोळे आणि बोटं जास्त कामाची. मानेला शेक बसणार म्हणून थायरॉइडची टीएसएच टेस्ट दर सहा ते बारा महिन्यांनी करत राहा, ती बरेचदा राहून जाते आणि माणूस वर्षभर थकवा-थकवा म्हणत बसतो.

उद्या जाताना ऑपरेशनची नोट आणि मोठा रिपोर्ट दोन्हीच्या झेरॉक्स ठेवा, आणि शेकाची पहिली तारीख तिथल्या तिथे लिहून घेऊनच निघा.