ब्लू कार्ड: २१ महिने की २१ खेटे?

कृष्णाकाठचा:
काल इथे एक पोस्ट फिरत होती. "अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाच्या नादी लागू नका. जर्मनीचं ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्यांचा कामाचा परवाना, घ्या. २१ महिन्यांत पीआर (कायमचा परवाना), भाषा येत नसली तरी चालतं, बायकोलाही लगेच नोकरी करता येते." खाली बदामांचा पाऊस. तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणून लांबण लावतोय.

बायकोचं खरं आहे. बाकीचं अर्धवट. २१ महिने कधी, तर जर्मन भाषेची बी-वन पातळी झाली असेल तर. नुसत्या ए-वनवर, म्हणजे पहिल्या पायरीवर, २७. म्हणजे 'भाषा नको' आणि '२१ महिने' हे एका दमात म्हणताच येत नाही. शिवाय तेवढ्या महिन्यांनी हातात काय पडतं? अर्ज करायचा हक्क. पुढे टर्मिनची, म्हणजे भेटीच्या तारखेची, वाट बघा. आमच्या गावच्या परदेशी लोकांच्या कचेरीचं पाच महिन्यांनी उत्तर आलं: तुमचा ईमेल मिळाला. तोवर जुन्या कार्डाची मुदत संपली, हातात फिक्त्सिओनचा, म्हणजे तात्पुरत्या परवान्याचा, घडीचा कागद.

त्यातच सांगलीला बाबांना अटॅक आला. ते सावरले. पण परतताना मुंबईत चेक-इनवरची मुलगी तो कागद उलटसुलट करत म्हणते, "सर, कार्ड दाखवा ना." त्यावरची कलम ८१, पोटकलम ४ समोरची फुली दाखवली, म्हणजे यावर परत जाता येतं. ती साहेबांना बोलवायला गेली. मागे रांग, आणि माझ्या हातात वजन जास्त झालं म्हणून बॅगेतून काढायला लावलेली लोणच्याची बरणी. पाऊण तास तसाच उभा. याची पोस्ट कोणी टाकत नाही.

हडपसर_हॅम्बुर्ग:
ती पोस्ट माझी. नाव घेऊन बोलला असतात तरी चाललं असतं.

पाऊण तास उभे राहिलात, वाईट वाटलं. माझा भाऊ न्यू जर्सीत १४ वर्षं उभा आहे. त्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज २०१५ चा, आणि ईबी-टू या नोकरीवाल्यांच्या गटात आपल्या लोकांची रांग २०२५ मध्ये २०१३ च्या आसपास घुटमळत होती. पुतणी १९ ची. २१ ची झाली की बापाच्या अर्जातून बाहेर, स्वतःचा व्हिसा स्वतः बघायचा. तिथेही २१ च आहे बघा. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बीला एक लाख डॉलर लावले. मी त्या घराकडे बघून पोस्ट लिहिली. तुमच्या बरणीकडे बघून नाही.

जुना_मार्कवाला:
दोघंही लाडावलेले आहात. मी २००१ ला आलो, तेव्हाचा चॅन्सलर श्र्योडरच्या ग्रीन कार्डावर. नाव ग्रीन कार्ड, पण पाच वर्षांची मुदत. परवाने २०,०००, आणि आयटीची पदवी नसेल तर १ लाख मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) पगार दाखवायचा. २००० च्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन राज्याच्या निवडणुकीत 'किंडर श्टाट इंडर' गाजलं होतं, म्हणजे भारतीय नकोत, आपली मुलं शिकवा. आणि आता? २०२४ मध्ये ह्याच देशाने भारतीय कुशल कामगारांचे व्हिसे २०,००० वरून ९०,००० करायचं ठरवलं. ईमेलचं उत्तर पाच महिन्यांनी आलं म्हणून रडताय.

मीरा_न_आलेली_आई:
रडण्यावरून आठवलं. कोणी १ मार्च २०२४ बद्दल बोलणार आहे का? त्या तारखेपासून ज्यांना कुशल कामगार म्हणून पहिला परवाना मिळाला, त्यांनाच आईवडिलांना कायमचं आणता येतं. मी २०१९ ची. सहा वर्षं कर भरला, पेन्शनचे पैसे भरले, आणि माझ्या टीममधला कालचा पोरगा, ज्याला मी आनमेल्डुंगचा, म्हणजे पत्ता नोंदवायचा, फॉर्म भरून दिला, त्याला मुभा. मला नाही. माझी आई यायची तर १८० दिवसांत ९०, मग परत.

हडपसर_हॅम्बुर्ग:
त्या पोरालाही सोपं नाही हो. आईवडील मुलाच्या सरकारी विम्यात कुटुंब म्हणून बसत नाहीत. सत्तरीच्या माणसाचा खासगी विमा काढून बघा, आकडा ऐकून पोरगाच परत जाईल.

आणि आणून करायचं काय? लिफ्ट नसलेला चौथा मजला, डिसेंबरात चारला अंधार, बोलायला चिटपाखरू नाही.

मीरा_न_आलेली_आई:
तुम्ही माझ्या आईला ओळखता? गेल्या खेपेला रविवारी बाटल्या टाकायला निघाले तर तिनेच दारात अडवलं, "आज काचेचा आवाज करायचा नाही." मला सहा वर्षांत लक्षात राहिलं नाही. चिटपाखरू तुमच्याकडे नसेल.

जुना_मार्कवाला:
आमच्या वेळी आई फोन कार्डावर बोलायची. मिनिटं मोजून.

मीरा_न_आलेली_आई:
काका, प्रत्येक धाग्यात तुमची वेळ येते. एकदा निवृत्त होऊ द्या तिला.

पौडफाटा_६८:
ज्यांच्यावरून भांडताय त्यांच्यापैकी मी एक. मुलगा स्टुटगार्टला, २०२४ च्या जूनचा, म्हणजे नियमात बसतो. विम्याचे तीन कोटेशन पाठवलेत त्याने. तिन्हीत माझ्या शुगरबद्दल एक एक पान प्रश्न. बायको म्हणते भरा. मी वेताळ टेकडीवरून उतरलो की भरू म्हणतो. चार महिने झाले, रोज उतरतोय.

कृष्णाकाठचा:
धागा कुठे नेलात! बरं. हडपसर, अमेरिकेपेक्षा हे बरं, मान्य. तुमच्या भावाची रांग बघितली तर माझी तक्रार किरकोळ, तेही मान्य. पण 'भाषा येत नसली तरी चालतं' हे वाक्य काढा. पोरं ते वाचून ए-वनवर थांबतात, आणि सहा महिने जास्त मोजतात.

हडपसर_हॅम्बुर्ग:
बदललं. आता असं आहे: "२१ महिने, बी-वन असेल तर, आणि कचेरीला वाटलं तर." झालं समाधान?

कृष्णाकाठचा:
'तर' दोनदा आलंय. पण राहू दे.

नवा_भिडू_बाणेर:
सगळं वाचलं. बी-वनची परीक्षा इकडून देऊन जावी की तिकडे जाऊन?

मीरा_न_आलेली_आई:
भारतातूनच दे. आणि आईचा विमा आत्तापासून बघायला लाग.