मदत हवी आहे: न्यूयॉर्कमध्ये बिनअंड्याचा व्हेज बर्गर

आई पहिल्यांदाच न्यूयॉर्कला येतेय आणि तिला बर्गर मनापासून आवडतो. पण ती पक्की शाकाहारी, अंडंही चालत नाही. इथे नेमकी तिथेच अडचण येते. ब्लॅक बीनच्या (काळ्या घेवड्याच्या) पॅटीत मिश्रण धरून ठेवायला बऱ्याचदा अंडं घालतात, ब्रिओश या मऊ, लोणीदार बनमध्ये तर बहुतेक असतंच, शिवाय त्याच तव्यावर बीफ भाजलेलं! इम्पॉसिबल या ब्रँडची वनस्पतींपासून केलेली पॅटी नको, ती मांसासारखी चव तिला सोसायची नाही. मॅनहॅटनच्या ईस्ट व्हिलेजमधलं सुपिरिऑरिटी बर्गर हे रेस्टॉरंट शाकाहारीच आहे, त्यामुळे ते यादीत आहेच. पण आम्ही राहतो शहराच्या दुसऱ्या भागात, क्वीन्समध्ये. जॅक्सन हाइट्सच्या आसपास कडधान्याची किंवा भाज्यांची, बाहेरून छान कुरकुरीत पॅटी कुठे मिळेल? तवा वेगळा ठेवतात का, हे ज्यांनी स्वतः विचारलंय त्यांनी प्लीज नक्की सांगा. बटर, चीज चालेल. मेयो मात्र बिनअंड्याचंच हवं.