मदत हवी आहे: डोळ्यांचं प्रेशर वयामुळे वाढलंय की वजनामुळे?

मंडळी, बाबांच्या डोळ्यांचं प्रेशर उजव्यात २३ आणि डाव्यात २२ आलंय. १० ते २१ नॉर्मल धरतात, म्हणजे किंचितच जास्त. डोळ्याची नस शाबूत आहे, फील्ड टेस्टही (नजरेच्या कडांपर्यंत किती दिसतं ते बघणारी) चांगली आली. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू नाही, पण लक्ष ठेवू. आणि जाता जाता, "वजन कमी करा." बाबा साठीपुढचे, पोट बऱ्यापैकी सुटलेलं.

वयाचं पटतं. डोळ्यात सतत तयार होणारं पाणी ज्या बारीक जाळीतून बाहेर जातं, ती वयानुसार तुंबू लागते. लठ्ठपणात डोळ्याच्या खोबणीतली चरबी आणि शिरांमधला दाब वाढून निचरा अडतो, असंही मानतात. माझी शंका वेगळीच आहे. मशीनवर हनुवटी टेकवताना बाबांचं पोट टेबलाला अडत होतं, ते ताणून वाकले होते, श्वास रोखलेला, वर कॉलरचं बटण गच्च! श्वास रोखला किंवा गळा आवळला तरी आकडा चढतो. मग यातलं खरं प्रेशर किती? कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) जाडीही अजून मोजलेली नाही. ती जास्त असली तरी आकडा फुगतो.

वजन उतरवल्यावर कोणाचं प्रेशर खरंच खाली आलंय का? आणि पुढच्या वेळी हातात धरायच्या यंत्राने मोजा असं डॉक्टरांना सांगितलं तर चालेल ना, की आगाऊपणा वाटेल? तपासणीची वेळ दरवेळी तीच ठेवावी का?

घरगुती थेंब आणि काढे कृपया सुचवू नका, ते सांगणारे नातेवाईक भरपूर आहेत.