मदत हवी आहे: सीएच340 लावला की ब्रेलची सेवा तो पळवते, बग नोंदवायचा कुणाकडे?

लिनक्सवर सीएच340 चिपचा यूएसबी-सीरियल अडॅप्टर लावला की टीटीवाययूएसबी0 (त्याचा सीरियल पोर्ट) क्षणभर दिसतो आणि गायब होतो. केबल बदलली, पोर्ट बदलला, फरक नाही. दुसऱ्या मशीनवर हाच अडॅप्टर सुरळीत चालतो.

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) संदेशांत, सगळं दिसतंय. आधी कर्नलचा सीएच341 ड्रायव्हर अडॅप्टर ताब्यात घेतो, लगेच बीआरएलटीटीवाय (बोटांनी वाचायचा ब्रेल डिस्प्ले चालवणारी सेवा) मध्ये घुसते आणि ड्रायव्हर डिस्कनेक्ट.

भांडण आयडीचं आहे. व्हेंडर आयडी 1ए86, प्रॉडक्ट आयडी 7523. बीआरएलटीटीवायच्या यूडेव्ह नियमांत (कुठलं उपकरण लावल्यावर काय करायचं ते ठरवणाऱ्या) हीच जोडी एका ब्रेल डिस्प्लेच्या नावावर आहे, कारण त्याच्या पोटातही हीच चिप. आयडीवरून फक्त चिप कळते, तिच्या पलीकडे काय जोडलंय ते नाही. सिरियल नंबरवरून वेगळं ओळखावं तर एलएसयूएसबीत (यूएसबी उपकरणांची यादी देणारी कमांड) तो रकानाच रिकामा!

‘बीआरएलटीटीवाय काढून टाका’ हे उत्तर कृपया नको, शोधलं की तेच सापडतं. या मशीनवर एक सहकारी ब्रेल डिस्प्ले वापरतात (त्याचा आयडी वेगळा आहे). माझ्या अडॅप्टरसाठी त्यांचं वाचणं बंद करायचं का?

तर रिपोर्ट कर्नलवाल्यांना द्यायचा, बीआरएलटीटीवायला, की डिस्ट्रोच्या (माझ्या लिनक्स वितरणाच्या) पॅकेजवाल्यांना? आणि तोवर काय करू?

प्रतिसाद:
कर्नलला नको, ड्रायव्हरचं काही चुकत नाहीये. बीआरएलटीटीवायच्या मूळ प्रकल्पात अशा सामाईक आयडींचे नियम ‘जेनेरिक’ नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवलेत. ते पॅकेजमध्ये चालू ठेवायचे की नाही हे डिस्ट्रो ठरवते, म्हणून रिपोर्ट तिकडेच द्या. सोबत डीमेसेज, एलएसयूएसबीचा सविस्तर आउटपुट, पॅकेजची आवृत्ती आणि नियमातली ती ओळ जोडा. ‘अडॅप्टर चालत नाही’ एवढंच लिहिलंत तर कुणी बघणार नाही.

तोवर नियमांची फाइल त्याच नावाने एट्सीतल्या (सिस्टिमच्या सेटिंगचं फोल्डर) यूडेव्हच्या रूल्स फोल्डरमध्ये कॉपी करा, 7523 ची ओळ कमेंट करून निष्क्रिय करा, नियम रीलोड करा आणि अडॅप्टर काढून पुन्हा लावा. एट्सीतली फाइल वरचढ ठरते, अपडेट आलं तरी ती पुसली जात नाही. मात्र मूळ फाइलीत पुढे झालेले बदलही तुमच्यापर्यंत येणार नाहीत.

धागाकर्ता:
केलं. पोर्ट टिकतोय, सहकाऱ्यांचा डिस्प्लेही चालू आहे. रिपोर्ट लिहायला घेतलाय. शीर्षकात आयडीची जोडी टाकू ना, म्हणजे पुढच्याला शोधताना सापडेल?